बुडबुड्याची साक्ष

डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे, असे नैयायिक म्हणतात. पाण्यात विष्ठा मिसळली आहे का, हे सांगणारी चाचणी याच अनुमानावर उभी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या २०१८ च्या यादीत गोव्यातल्या डिचोली, वाळवंटी, शापोरा आणि तेरेखोल या नद्यांचे पट्टे होते. पण ती यादी बीओडीवर, म्हणजे घाण कुजताना लागणाऱ्या प्राणवायूवर, बेतलेली. कुजणारा पालापाचोळा असो की सांडपाणी, दोन्ही प्राणवायू खातात. घाण आतड्यातून आली का, हे विचारायला वेगळा साक्षीदार लागतो. पटकी किंवा विषमज्वराचे जंतू पाण्यात विरळ, आज सापडतील, उद्या नाहीत. म्हणून टेओडोर एशेरिश यांनी १८८५ मध्ये तान्ह्या बाळांच्या विष्ठेत ओळखलेला, आतड्यात कोट्यवधींनी नांदणारा आणि बहुतांशी निरुपद्रवी ई. कोलाय शोधायचा. वैऱ्याला सोडून त्याच्या सोबत्याचा माग काढायचा, ही योजनाच मोठी देखणी आहे.

साखळीला वाळवंटीत नमुना घेताना निर्जंतुक बाटलीचे तोंड प्रवाहाकडे करून ती वीतभर खाली धरतात. बाटली काठोकाठ भरत नाहीत. पुढे ती नीट हलवता यावी म्हणून वर थोडी हवा ठेवतात. चांदेलच्या प्रकल्पातून पेडण्यात येणारे नळाचे पाणी असेल, तर बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट असते, नाहीतर क्लोरिन वाटेतच जंतू मारून पुरावा नाहीसा करील.

मग मॅकॉन्की ब्रॉथ हा पोषक द्रव. त्यातले पित्तक्षार आतड्याबाहेरच्या बऱ्याच जंतूंना वाढू देत नाहीत. ई. कोलाय ज्या गटातला, ते कोलिफॉर्म जंतू मात्र लॅक्टोज आंबवतात. जांभळा द्रव पिवळा होतो आणि आत पालथी घातलेली इवलीशी डरहॅम नळी वायू अडवून धरते. डोळ्यांना न दिसणाऱ्याची हजेरी एका बुडबुड्यात लागते.

पण कोलिफॉर्म मातीतलेही असतात. त्यांना गाळण्यासाठी काय करावे? फक्त तापमान वाढवावे. आइकमन यांनी १९०४ मध्ये ४६ अंशांवर हे दाखवले, आज ४४.५ अंश वापरतात आणि त्यात ०.२ अंशाचीच सूट असते. उबदार शरीरात रुळलेला जंतू इथे तगतो, बाकीचे बहुतेक मागे पडतात. साऱ्या चाचणीत मला सर्वांत आवडते ते हे: नवे रसायन नाही, केवळ थोडी अधिक ऊब.

संख्या काढण्याची रीतही तितकीच सुरेख. दहा, एक आणि ०.१ मिलिलिटर पाण्याच्या पाच-पाच नळ्या. समजा अनुक्रमे पाच, तीन आणि दोन नळ्यांत वायू दिसला, तर तक्ता सांगतो: १०० मिलिलिटरमागे १४०. एकही जंतू न मोजता, केवळ होकार-नकारांच्या मांडणीतून आलेली ही संभाव्यतम संख्या. नदीस्नानासाठी ५०० पर्यंत इष्ट, २५०० ही कमाल. पिण्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही.

धुराचा नियम मात्र कुठे कुठे मोडतो. उष्ण प्रदेशातल्या ओल्या मातीत ई. कोलाय ताज्या विष्ठेवाचूनही टिकतो, हे हवाई बेटांवर दिसले आहे. तेव्हा पहिल्या पावसात गढूळलेल्या व्हाळाचा आकडा जपूनच वाचावा. उलट केरीला, जिथे तेरेखोल समुद्राला मिळते, तिथे खारेपण आणि ऊन त्याला लवकर संपवतात; धूर विरतो, आग राहते. तिथे एन्टरोकॉकस हा आतड्यातलाच दुसरा जंतू अधिक भरवशाचा साक्षीदार. साडेसहा टक्के मिठातही तो वाढतो, आणि समुद्राच्या पाण्यात तर मीठ साडेतीन टक्केच!