पार्श्वचित्र आणि पात्र : अ‍ॅनिमेशनमधील एका सांध्याचा विचार

अ‍ॅनिमेशनपटाच्या समीक्षेत पात्राच्या हालचालीला जे स्थान मिळते ते त्याच्यामागील चित्राला क्वचितच मिळते. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर आलंबन विभावाची चर्चा होते आणि उद्दीपन विभाव सजावटीच्या खाती जमा केला जातो. वस्तुतः पडद्याचा बहुतेक भाग पार्श्वचित्रानेच व्यापलेला असतो. त्यामुळे संगणकाच्या आगमनाने या कलेत काय पालटले, याचा शोध पात्रापेक्षा पार्श्वचित्रात घेणे अधिक फलदायी ठरते.

प्रश्नाचे मूळ जुन्या पद्धतीतच आहे. पात्र पारदर्शक सेल्युलॉइडवर बंदिस्त रेषेने व सपाट रंगाने काढले जाई. पार्श्वचित्र कागदावर, छायाप्रकाशासह रंगविले जाई. कारण उघड व्यावहारिक होते. पात्राची चित्रे एका सेकंदाला बारा किंवा चोवीस लागत, पार्श्वचित्र एकदाच. अशा रीतीने एकाच चौकटीत दोन भिन्न शैली नांदू लागल्या. मियाझाकी यांच्या ‘माय नेबर टोटोरो’ (1988) या चित्रपटात काझुओ ओगा यांनी रंगविलेली झाडी आणि शेते पाहताना हा भेद जाणवतो, पण खुपत नाही. मर्ढेकरांच्या संज्ञेत येथे विरोधलय साधली आहे, असे म्हणता येईल.

डिस्नीच्या ‘द रेस्क्यूअर्स डाउन अंडर’ (1990) या चित्रपटात पात्रांचे रंगकाम संगणकावर गेले. पार्श्वचित्रे मात्र कागदावरच रंगवून स्कॅनरद्वारे आत घेतली गेली. या ‘आत घेण्या’ला स्वतःची शिस्त आहे. अंतिम चौकट 1920 पिक्सेल रुंद असेल आणि कॅमेऱ्याला चित्राच्या अर्ध्या भागापर्यंत जवळ जावयाचे असेल, तर मूळ चित्र किमान 3840 पिक्सेल रुंद हवे. इंचाला 300 बिंदू या प्रमाणात स्कॅन केल्यास कागदावरील चित्र 12.8 इंच भरते. याहून लहान चित्र ताणले की कुंचल्याचा फटकारा विरून धूसर डाग तेवढा उरतो. पुढचे झाड, मधला रस्ता आणि मागचे आकाश निरनिराळ्या गतीने सरकावयाचे असेल, तर ते आरंभापासूनच वेगळ्या स्तरांवर रंगवावे लागतात; झाडाआड लपलेला रस्तासुद्धा पुरा करावा लागतो. म्हणजे कॅमेऱ्याची हालचाल ठरल्यावाचून चित्रकाराने कुंचला उचलणे व्यर्थ. हा निर्णय वरवर तांत्रिक दिसला तरी तो रचनेचाच निर्णय आहे.

मूळ सांधा मात्र यामुळे बुजला नाही. डिस्नीच्याच ‘टारझन’ (1999) या चित्रपटात त्रिमित आकारांवर मारलेले कुंचल्याचे फटकारे संगणक ध्यानात ठेवी आणि कॅमेऱ्याच्या बदलत्या कोनानुसार ते पुन्हा उभे करी. फांद्यांवरून घसरत जाणारा नायक पाहताना प्रेक्षक अरण्यात शिरतो, हे नाकारता येत नाही. तथापि वेग ओसरताच सपाट रंगाचा देह त्या घनदाट रानावर चिकटविल्यासारखा दिसतो. ‘क्लाउस’ (2019) या स्पॅनिश चित्रपटाने उलट वाट धरली : हाताने काढलेल्या पात्रांवरच प्रकाश व छाया चढवून त्यांना पार्श्वचित्राच्या पातळीवर आणले. कौशल्य वादातीत आहे. पण दोन्ही ठिकाणी घनतेचा आभास हीच कसोटी गृहीत धरलेली आहे.

ही कसोटीच नाकारण्याचे धैर्य इसाओ ताकाहाता यांनी दाखविले. ‘माय नेबर्स द यामादाज’ (1999) हा घिबली संस्थेचा पहिला संपूर्ण डिजिटल चित्रपट. आणि गंमत अशी की, संगणकाची सारी शक्ती त्यात जलरंगाचा पातळपणा राखण्यासाठी खर्ची पडली. तुटक रेषेने वेढलेल्या जागेत संगणक रंग भरू शकत नाही, म्हणून न दिसणाऱ्या बंद रेषांचे रेखाटन निराळे करावे लागले. ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ (2013) मध्ये हाच विचार परिणतीस गेला. येथे कलादिग्दर्शक पुन्हा ओगाच आहेत. पण टोटोरोतील पानन् पान रंगविणारा हात आता चौकटीच्या कडा कोऱ्या सोडतो. पात्राची रेषा आणि झाडाची रेषा एकाच हातातून उतरल्यासारखी दिसते. पार्श्वचित्र मागे उरतच नाही.

याचे प्रत्यंतर मेजवानीच्या प्रसंगात येते. आपल्याविषयीचे हिणकस उद्गार कानी पडताच राजकन्या वाड्यातून पळत सुटते. वस्त्रे एकेक करून गळून पडतात, रंग ओसरतात, आणि कोळशाचे राकट फराटे तिचा देह व भोवतालची वाट एकाच आवेगात ओढून नेतात. तेथे उद्दीपन आणि आलंबन यांची विभागणी करू पाहणाऱ्याला रेषा कोठे तोडावी हेच उमगणार नाही. अशा चित्रांत पार्श्वचित्र तयार ठेवून मागाहून आत घेण्याची सोय फार थोडी उरते. या चित्रपटाच्या निर्मितीस अनेक वर्षे लागली, ती काही उगाच नव्हे. पुढे बर्फात कोसळलेली कागुया जागी होते ती वाड्यातच. वस्त्रे जेथल्या तेथे असतात आणि रेषा पुन्हा शांत झालेली असते.