चित्र, इंग्रजी आणि पुराव्याचा प्रश्न

इंग्रजीशी आपले नाते पांढरपेशा वर्गाच्या नात्याहून वेगळे आहे. त्यांच्या घरी इंग्रजी नोकरी घेऊन आली. आपल्याकडे ती पोथीच्या कुंपणाबाहेर पडण्याची वाट म्हणून आली. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचे आवाहन केले, ते याच अर्थाने. म्हणून इंग्रजी कशी शिकवावी हा प्रश्न केवळ अध्यापनशास्त्राचा आहे, असे मी मानत नाही.

संग्रहालयातील चित्रे-शिल्पे समोर ठेवून मुलांना बोलते करण्याची एक पद्धत सध्या भाषाशिक्षणातही वापरली जाते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचा शिक्षणविभाग सांभाळलेले फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसेन यांनी ती बसवली. तिचा गाभा तीन साध्या प्रश्नांचा. चित्रात काय चालले आहे? हे कशावरून म्हणता? आणखी काय दिसते? चित्रकाराचे नाव, काळ, शैली यांची माहिती आधी द्यायची नाही.

ही पद्धत परकी म्हणून झिडकारावी काय? मला तसे वाटत नाही. मी बुलढाणा जिल्ह्यात इंग्रजी शिकवतो आणि माझ्या घरातला पहिला पदवीधर आहे. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली; तरी अकरावीला येणारी आमची मुले इंग्रजीत तोंड उघडत नाहीत. त्यांच्याजवळ शब्दच नाहीत असे नव्हे. उत्तर आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीचे आहे, हे त्यांच्या अंगवळणी पडले आहे. चित्रापुढे ही मालकी ढिली होते. अजिंठ्याचा पद्मपाणी पाहून मजुराचा मुलगा विचारतो, “तो काहून खाली पाहून रायला?” हा प्रश्न डॉक्टरच्या मुलाच्या प्रश्नाहून उणा नाही. डोळ्यांना शिकवणीवर्ग लागत नाही. त्याच्या वऱ्हाडीला हसू न देता तिच्यातूनच इंग्रजी वाक्य उभे करणे, हे शिक्षकाचे काम.

परंतु या तिन्हींत मला मोलाचा वाटतो तो दुसरा प्रश्न : कशावरून? हजारो वर्षे आपण कोण आहोत हे आपल्याला सांगितले गेले. पुरावा मागण्याचा अधिकार मात्र दिला गेला नाही. कालाम लोकांना बुद्धाने ऐकीव गोष्टींवर, परंपरेवर किंवा ग्रंथात आहे म्हणून विश्वास ठेवू नका असे सांगितले, त्यात हाच प्रश्न आहे. जो मुलगा ‘बिकॉज’ हा शब्द लावून आपले वाक्य पुरे करतो, तो केवळ व्याकरण शिकत नाही. तो साक्ष द्यायला शिकतो.

येथेच माझा आक्षेपही सुरू होतो. प्रश्न मोकळे असले तरी चित्रांची निवड मोकळी असेलच असे नाही. संग्रहालय म्हटले की राजांच्या तलवारी, देवांच्या मूर्ती, सरदारांच्या तसबिरी. दगड फोडणारा, माती वाहणारा, मेलेले ढोर ओढणारा तेथे कितीसा आहे? अशीच चित्रे वर्गात आली, तर इंग्रजी नवी पण दृष्टी जुनीच राहील. नागपूरला जन्मलेल्या सवी सावरकर यांनी गळ्यात मडके नि मागे झाडू असलेला अस्पृश्य रंगवला. त्या चित्रापुढे ‘कशावरून’ हा प्रश्न विचारून पाहावा. मग वर्ग नुसता बोलका राहत नाही, अस्वस्थ होतो. ती अस्वस्थता टाळणारी पद्धत आपल्या कामाची नाही.

दुसरा आक्षेप संग्रहालयाच्या भाषेवर. नागपूरचा ‘अजब बंगला’ १८६३ सालचा. असली संग्रहालये इंग्रजी राजवटीत उभी राहिली आणि त्यांच्या पाट्यांची भाषाही तिथूनच आली. ही पाटी बहुधा कर्मणी प्रयोगात बोलते : ‘वॉज फाउंड’, ‘वॉज एक्स्कॅव्हेटेड’. सापडले, खणले गेले. कुणी खणले? कुदळ कुणाच्या हातात होती? घडवणारा कोण? कर्मणी प्रयोग शिकवायला याहून चांगला धडा नाही. मुलांनी पाटीतले वाक्य कर्तरी करावे आणि रिकाम्या जागी कर्ता शोधावा. कर्ता पुसून टाकणे ही केवळ व्याकरणाची सोय नसते, हे त्यांना आपोआप कळेल.

आमच्याकडे संग्रहालय कोठे आहे, असे शिक्षक विचारतील. याच जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यातील भोन येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ख्रिस्तपूर्व काळातील विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. हे ठिकाण जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. ज्या वारशावर आपण हक्क सांगतो, तो पाण्याखाली जाण्याआधी आपल्या मुलांनी पाहिला पाहिजे आणि त्याचे वर्णन मराठीत व इंग्रजीत लिहिले पाहिजे. काचेच्या कपाटाची वाट का पाहावी? भोनच्या एका विटेचे छायाचित्र, फळा आणि तीन प्रश्न एवढ्यावर तास सुरू होतो.

इंग्रजी आपल्याला साहेब होण्यासाठी नको आहे. आपण पाहिलेले आपल्या शब्दांत, पुराव्यानिशी, जगापुढे मांडण्यासाठी हवी आहे. संग्रहालयाने त्याला हातभार लावला तर त्याचे स्वागत. पण कोणते चित्र भिंतीवर लागावे, हे ठरवताना आपणही तेथे असले पाहिजे.