विंझण्याची मूठ

अंबडमधल्या एका जुन्या वाड्यात काचेच्या चौकटीत एक विंझणा टांगलेला आहे. विंझणा हा हातपंख्याचा जुना मराठी शब्द, संस्कृत ‘व्यजन’वरून आलेला. लाल मखमल, जरीची वेल, मण्यांचा मोर, कडेला झालर. येणारा मोराची तारीफ करतो. मीही केली. घरच्यांना दिवाळीपूर्वी त्याच्या दांडीला नवे पॉलिश करायचे होते. म्हणून चौकट उघडली, आणि पंखा माझ्या हाती आला.

पाते दांडीला ठोकून बसवलेले नाही. त्याच्या एका कडेला पोकळ नळी आहे, तिच्यात दांडी सैल फिरते. मूठ लहानशा वर्तुळात हलवली की पाते गरगर फिरते आणि वारा चहूकडे जातो. मण्यांचा भार बाहेरच्या कडेला आहे, त्यामुळे घेतलेली गती टिकते. भिंतीवर जी नुसती शोभा वाटली, ती हातात कामाला लागली.

सावंतवाडीच्या वाळ्याच्या पंख्यांचेही असेच. १८८०च्या मुंबई गॅझेटिअरमध्ये तिथल्या वाळाकामाची नोंद आहे. पाणी शिंपडले की मुळांतून गारवा आणि सुगंध येतो. जुन्या पंख्यांवर भुंग्यांचे हिरवे पंखही शिवत. रेशमाचा रंग विटतो, हा हिरवा विटत नाही. कारण तो रंगद्रव्याचा नसून पंखाच्या सूक्ष्म रचनेतून उमटतो. पण सजावटीने वाळाच झाकला, तर पंखा गेला.

चित्रकार जतीन दास यांनी देशोदेशीचे हजारो हातपंखे जमवले, म्हणून या वस्तूकडे कला म्हणून पाहणे आपल्याला सोपे झाले. तरी आपले लिखाण अजून मोर, कुयऱ्या आणि वेली मोजते. भरतकाम म्हणून ते ठीक आहे. पंखा म्हणून त्याची परीक्षा वाऱ्यानेच व्हायला हवी.

अंबडच्या विंझण्याची दांडी जवळजवळ हातभर लांब आहे. एवढा पंखा स्वतःसाठी कोणी घेत नाही. तो दुसऱ्याला वारा घालण्यासाठीच. त्या दिवाणखान्यात कोण कोण जेवून गेले, हे घरात आजही सांगतात. वारा कोणी घातला, हे कोणालाच आठवत नाही. मुठीपाशी मात्र लाकूड झिजून खोलगट, गुळगुळीत झाले आहे. त्या हातांची एवढीच नोंद उरली आहे.

पॉलिश करू नका, अशी विनंती मी केली. मोर कारागिराचा आहे. ती झीज वारा घालणारीची आहे.