शब्दकल्पतरूचा पहिला रकाना

सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने १९३१ साली बडोद्यात निघालेला 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' नुकताच पुन्हा चाळला. आठ भाषांच्या या कोशात पहिला रकाना इंग्रजीचा. मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी आदींनी त्यास उत्तर द्यावयाचे. कोशाचे वैगुण्य या रचनेतच आहे. तथापि प्रत्येक इंग्रजी संज्ञेस आपल्या भाषांत उत्तर देता येते हा संपादकांचा विश्वास लहान नव्हे. 'अर्ज', 'फिर्याद' हे फारसीतून आलेले शब्द मराठीने व गुजरातीने केव्हाच पचविले. तेव्हा परक्या शब्दाचे मला भय वाटत नाही. भय वाटते ते लेखनव्यवहारच सुटण्याचे. अकोट्यातील आमच्या शाळेत मराठी पालक रजेचा अर्ज इंग्रजीत लिहून आणतात, आणि (हेही सांगितले पाहिजे) मीही त्यावर इंग्रजीतच शेरा मारतो.