कोनाड्यातील दही

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकातील पोहण्याचा प्रसंग स्किनरच्या साधक अभिसंधानाचे उदाहरण म्हणून सांगण्याचा मोह होतो. मीही तो वर्गात तसाच सांगत आलो आहे. पाण्याला भिणारा श्याम लपून बसतो. आई शिंपटीने मारून त्याला विहिरीवर पाठविते आणि परतल्यावर कोनाड्यात राखून ठेवलेले दही खावयास सांगते. शिक्षा आणि बक्षीस ही जोडी आयतीच हाती लागते.

परंतु ही मांडणी स्किनरच्याच कसोटीस उतरत नाही. विहिरीची वाट धरताच मार थांबतो. म्हणजे लपण्याला ती शिक्षा असली, तरी जाण्याच्या बाबतीत ते ऋण प्रबलन होय. दह्याचे प्रकरण याहून अवघड. ज्याच्या योगाने वर्तनाची वारंवारता वाढते तेच प्रबलक. देणाऱ्याचा हेतू तेथे गौण. आणि रुसलेला श्याम तर दही नाकारतो! (हा प्रयोग घरोघरी चालतो, आणि वाटी अनेकदा तशीच राहते.)

श्यामचे मन पालटते ते आईच्या बोलण्याने. आपल्या मुलाला कोणी भित्रे म्हणावे, हे तिला सोसवत नाही. स्किनरने १९५७ साली ‘व्हर्बल बिहेव्हियर’मध्ये भाषणालाही याच नियमांत बसविले, १९५९ साली चॉम्स्कीने दाखविले की, प्रयोगशाळेबाहेर ‘प्रबलन’ हे आवड, इच्छा यांचेच निराळे नाव ठरते. ‘भित्रा’ या शब्दाचे बळ त्याच्या अर्थात आणि तो ऐकून दुखावणाऱ्या आईत आहे. त्या बळाची मोजदाद दह्याच्या वाटीने कशी करावी?