कल्पित बेट आणि खरी भूमी : व्हिडिओ गेममधील भूप्रदेशाची समीक्षा

प्रस्तावना

कादंबरीतील गावामागे खरे गाव कोणते, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. बुलढाणा जिल्ह्यातील कादंबरीकार सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’चा (२००२) विचार करताना कोरडवाहू शेती, डोक्यावरचे कर्ज आणि शिकूनही नोकरी न मिळालेला तरुण या वास्तवाला वगळता येत नाही. कादंबरीतील गाव कल्पित असले तरी तेथील माणसांचे जगणे वाचकाच्या ओळखीचे असते. याच जिल्ह्यातील महाविद्यालयीन विद्यार्थी आज आणखी एका प्रकारच्या कल्पित भूमीत वावरतो. मोबाइलच्या पडद्यावरील ‘एरांगेल’ या बेटावर कोठे उतरावे, कोणत्या घरात लपावे, कोणत्या पुलावर धोका आहे, हे त्याला तोंडपाठ असते. ही भूमी कोणी, कशावरून आणि कशासाठी रचली, हा प्रश्न मात्र वर्गात सहसा विचारला जात नाही.

प्रस्तुत लेखात व्हिडिओ गेममधील काही कल्पित भूप्रदेशांच्या मागे असलेल्या वास्तवाचा विचार केला आहे. मूळ स्थळ शोधून काढले म्हणजे समीक्षेचे काम संपत नाही. खऱ्या भूमीतून काय उचलले, काय वगळले आणि ते कोणत्या हेतूने वगळले, हे तपासल्याशिवाय कल्पित भूमीचे मूल्य ठरत नाही, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बेटच का?

या खेळांत बेटाची निवड वारंवार होते, याचे एक कारण तांत्रिक आहे. संगणकाने रचलेल्या जगाला कोठेतरी सीमा असावी लागते. ती भिंत घालून दाखविली तर खेळाडूला कृत्रिमता जाणवते. समुद्र ही सीमा स्वाभाविक करतो. दुसरे कारण कथनाचे आहे. बेटावर बाहेरचा कायदा, शेजार आणि मदत सहज पोहोचत नाही. त्यामुळे संघर्ष आपोआप बंदिस्त होतो. जपानी लेखक कौशुन ताकामी यांच्या ‘बॅटल रॉयल’ (१९९९) या कादंबरीत शाळकरी मुलांना एका बेटावर सोडून परस्परांना मारण्यास भाग पाडले जाते. तिच्यावर २००० मध्ये चित्रपट निघाला आणि पुढे त्याच नावाने ओळखला जाणारा खेळांचा प्रकारच रूढ झाला. म्हणजे या खेळांतील बेट ही केवळ पार्श्वभूमी नसून खेळाची मूळ अट आहे.

लेम्नोसचे अल्टिस

खऱ्या बेटावरून कल्पित बेट घडविल्याचे सर्वांत ठळक उदाहरण ‘आर्मा ३’ (२०१३) या युद्धविषयक खेळात आढळते. चेक प्रजासत्ताकातील ‘बोहेमिया इंटरॅक्टिव्ह’ या कंपनीने एजियन समुद्रातील लेम्नोस या ग्रीक बेटाच्या आधारे ‘अल्टिस’ आणि शेजारच्या आयोस एफ्स्त्रातिओसच्या आधारे ‘स्त्रातिस’ अशी दोन बेटे रचली. लेम्नोसचे क्षेत्रफळ सुमारे ४७६ चौरस किलोमीटर, तर अल्टिसचे सुमारे २७० चौरस किलोमीटर आहे. किनाऱ्याची वळणे, उपसागर, टेकड्या आणि वस्त्यांची मांडणी मूळ बेटाशी जुळते. प्रमाण तेवढे लहान केलेले आहे.

या मोजमापाला राजसत्तेने किती गांभीर्याने घेतले, हे सप्टेंबर २०१२ मध्ये दिसून आले. कंपनीच्या दोन कर्मचाऱ्यांना लेम्नोसवर लष्करी ठिकाणांची छायाचित्रे घेतल्याच्या आरोपावरून हेरगिरीच्या गुन्ह्यात अटक झाली. आपण सुट्टीसाठी आलो आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. सुमारे चार महिने तुरुंगात काढल्यावर जानेवारी २०१३ मध्ये त्यांची जामिनावर सुटका झाली. खेळातील बेटाचे आधी ठरलेले ‘लिम्नोस’ हे नाव त्याच वर्षी बदलून ‘अल्टिस’ करण्यात आले. हे नाव ऑलिंपिया येथील झ्यूसच्या पवित्र परिसराचे आहे. भूमी एका ठिकाणची आणि नाव दुसऱ्या ठिकाणचे, अशी ही जोडणी झाली.

शासनाच्या दृष्टीने बेटावरील छावण्या आणि धावपट्ट्या महत्त्वाच्या होत्या. खेळाच्या रचनाकारांनाही युद्धाचा खेळ मांडताना त्याच गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या असल्यास नवल नाही. दोघांच्या नजरेतून निसटले ते बेटाचे माणसांशी असलेले नाते. आयोस एफ्स्त्रातिओस हे विसाव्या शतकात राजकीय बंदींना हद्दपार करण्याचे ठिकाण होते. ग्रीक कवी यानिस रित्सोस यांनी प्रथम लेम्नोसवर आणि नंतर या लहान बेटावर हद्दपारीची वर्षे काढली. १९६८ च्या भूकंपात तेथील गाव उद्ध्वस्त झाले. स्त्रातिसवर वावरणाऱ्या खेळाडूला या इतिहासाची चाहूल लागत नाही. उंचसखलपणा आला, पण त्यावर वाहिलेले दुःख आले नाही.

सोफोक्लीजचे निर्जन बेट

येथे एक आक्षेप उपस्थित होऊ शकतो. कलाकृतीने वास्तव जसेच्या तसे का स्वीकारावे? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर लेम्नोसच्याच वाङ्मयीन इतिहासात सापडते. ट्रॉयच्या स्वारीवर निघालेल्या ग्रीकांनी जखमी फिलोक्टेटिसला लेम्नोसवर सोडून दिले, ही कथा तिन्ही मोठ्या ग्रीक शोकात्मिकाकारांनी हाताळली. एस्किलस आणि युरिपिडीज यांच्या नाटकांत लेम्नोसच्या रहिवाशांचा वृंद होता. सोफोक्लीजने इ. स. पूर्व ४०९ मध्ये सादर केलेल्या ‘फिलोक्टेटिस’मध्ये मात्र बेट पूर्णतः निर्जन केले. खरे लेम्नोस तेव्हा वस्तीचे होते, हे त्याच्या प्रेक्षकांना ठाऊक होते. होमरच्या ‘इलियड’मध्येही लेम्नोसहून मद्याची गलबते येतात.

म्हणजे लेम्नोसवरील माणसे पुसून टाकण्याचा पहिला मान संगणकाकडे जात नाही. परंतु सोफोक्लीजने बेट रिकामे केले ते एका माणसाचा आक्रोश ऐकू यावा म्हणून. युद्धाला निरुपयोगी ठरलेल्या आणि सहकाऱ्यांनी टाकून दिलेल्या मनुष्याची वेदना त्या निर्जनतेमुळे असह्य होते. युद्धविषयक खेळातील निर्जनता बहुतेक वेळा नेम धरण्यात अडथळा येऊ नये म्हणून असते. वगळण्याची कृती एकच, पण एका ठिकाणी ती माणूस दाखविते आणि दुसऱ्या ठिकाणी लपविते. समीक्षेने भर द्यावा तो या भेदावर.

एरांगेल : नावे उरलेली भूमी

‘पबजी’ या नावाने भारतात परिचित असलेल्या खेळातील एरांगेल हे आठ किलोमीटर लांब व आठ किलोमीटर रुंद नकाशावरील बेट काळ्या समुद्रात असल्याचे मानले आहे. अल्टिसप्रमाणे त्याला एकच मूळ बेट नाही. सोव्हिएत काळातील इमारती, ओसाड लष्करी तळ, शाळा आणि रशियन ग्रामनामे यांतून त्याचे वातावरण तयार होते. २०१७ मध्ये आलेला हा खेळ २०१८ पासून मोबाइलवर उपलब्ध झाला. सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारने त्याच्या मोबाइल आवृत्तीवर बंदी घातली. २०२१ मध्ये ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने तो परतला. या साऱ्या काळात बंदीची, व्यसनाची आणि माहितीच्या सुरक्षिततेची भरपूर चर्चा झाली. बेटाच्या अर्थाची चर्चा त्यात क्वचितच आली.

त्या बेटावरील नावे मात्र बोलकी आहेत. ‘पोचिंकी’ हे रशियात प्रत्यक्ष आढळणारे ग्रामनाम आहे. जंगल तोडून नव्याने वसविलेल्या वस्तीला ‘पोचिनोक’ म्हणत; त्याचे हे अनेकवचन. आपल्याकडील ‘वाडी’ किंवा ‘नवेगाव’ यांच्यासारखाच वसाहतीचा कष्ट त्या नावात साठलेला आहे. ‘यास्नाया पोल्याना’ तर लिओ टॉलस्टॉय यांचे जन्मस्थान. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा चालविली ती तेथेच. ज्या लेखकाने उत्तरायुष्यात हिंसेचा निःसंदिग्ध निषेध केला, त्याच्या गावाचे नाव शंभर खेळाडूंच्या परस्परसंहाराच्या नकाशावर यावे, ही विसंगती खेळाला जाणवत नाही. नाव तेथे निव्वळ ठिकाण सांगणारी खूण होते.

तरीही भूमीला इतिहासाशिवाय राहता येत नाही. २०१९ मध्ये खेळाच्या चौथ्या हंगामासाठी प्रसृत झालेल्या चित्रफितीत एरांगेलवरील हत्याकांडातून वाचलेल्या एका मुलाची कथा जोडण्यात आली. दोन वर्षे केवळ रणांगण असलेल्या बेटाला अखेर रहिवासी शोधावे लागले.

विरलोक : वारशाची सजावट

पुण्यातील ‘सुपरगेमिंग’ या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हा याच प्रकारचा खेळ प्रकाशित केला. त्यातील ‘विरलोक’ या कल्पित रणभूमीची प्रेरणा भारतीय संस्कृतीत, विशेषतः सिंधू संस्कृतीच्या कल्पनेत आहे. सर-ताज, बिग गज, मोर-नी ही पात्रनामे भारतीय कानाला जवळची वाटतात. परक्या भूमीत उसन्या नावांनी वावरणाऱ्या खेळाडूला आपली प्रतीके मिळाली, हे या प्रयत्नाचे श्रेय नाकारता येणार नाही.

परंतु प्रतीक म्हणजे प्रदेश नव्हे. हत्ती, मोर, प्राचीन नगरी ही सर्व देशाची सामाईक चिन्हे आहेत. ती कोणत्याही एका मातीशी बांधलेली नाहीत. अल्टिसकडे मोजलेली जमीन आहे पण स्मृती नाही. विरलोककडे स्मृतीची चिन्हे आहेत पण पायाखाली मोजलेली जमीन नाही. भारतीय खेळाला पुढचा टप्पा गाठायचा असेल, तर या दोहोंची सांगड घालावी लागेल.

ती घालता येते, याचा पुरावा ‘आर्मा ३’नेच दिला. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीच्या सहकार्याने ‘लॉज ऑफ वॉर’ ही पुरवणी आली. तिच्यातील कथेचा नायक सैनिक नसून युद्धानंतर भूसुरुंग हटविणारा मदतकार्यकर्ता आहे. अल्टिसवरील ओरेओकास्त्रो या उद्ध्वस्त गावात सुरुंग शोधताना गावाचा भूतकाळ त्याच्यापुढे उलगडत जातो. भूप्रदेश तोच, तंत्रही तेच. फक्त येथे कोण राहत होते, हा प्रश्न नव्याने विचारला गेला.

लोणारची कसोटी

हाच प्रश्न बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला लावून पाहिला तर विवेचन अधिक स्पष्ट होईल. उल्कापाताने बसाल्ट खडकात निर्माण झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर समुद्रापासून दूर असले तरी बेटासारखेच स्वयंपूर्ण आणि सीमित आहे. एरांगेलच्या नकाशात अशी वीसहून अधिक विवरे मावतील. गोल कडा, मध्ये खारे पाणी, भोवती झाडी आणि जुनी मंदिरे : खेळाच्या रचनाकाराला याहून सोयीची भूमी क्वचितच मिळेल. तिची उंची उपग्रहाच्या साहाय्याने मोजता येईल आणि मंदिरांचे दगड छायाचित्रांवरून हुबेहूब उभे करता येतील.

पण लोणार एवढेच नाही. विष्णूने लवणासुराचा वध केल्याची कथा गावातील दैत्यसूदन मंदिराशी निगडित आहे आणि त्या असुराच्या नावातच सरोवराचा खारेपणा आहे. या क्षारांचा उपयोग करणाऱ्या माणसांचा इतिहास जुना आहे. काठावरच्या कमळजादेवीला येणारे भाविक आहेत. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांत दाखविले. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. कथा, उपजीविका, श्रद्धा आणि विज्ञान या चारही अंगांनी ही भूमी भरलेली आहे. ती वगळून उरते ते केवळ एक गोल रणांगण.

समारोप

कल्पित बेटाला खऱ्या भूमीची गरज असते, आणि काही वगळण्याचा अधिकारही त्याला असतो. सोफोक्लीजने तो अधिकार माणसासाठी वापरला. ओरेओकास्त्रोच्या कथेने गमावलेला माणूस परत आणला. ज्या खेळांत भूमी केवळ नेमबाजीची सोय म्हणून उरते, त्यांची मर्यादा चित्रणाच्या अचूकतेने झाकली जात नाही. ‘बारोमास’चे गाव नकाशावर शोधण्याची गरज वाचकाला भासत नाही, कारण तेथील माणसे त्याला आधीच भेटलेली असतात. एरांगेलचा नकाशा पाठ असलेल्या विद्यार्थ्याला खेळापासून परावृत्त करण्याआधी अध्यापकाने त्याला एवढे विचारावे : या घरांत पूर्वी कोण राहत होते? हा प्रश्न ज्याला पडला, तो लोणारकडेही आणि स्वतःच्या गावाकडेही वेगळ्या नजरेने पाहू लागेल.