चान्या आणि वनस्पतिजन्य मांस

२०१६ साली अमेरिकेत वनस्पतिजन्य 'इम्पॉसिबल बर्गर' आला. 'हीम' या लोहयुक्त घटकामुळे त्याला गोमांसाची चव येते. गुरांच्या मिथेनने पृथ्वी तापते, हे मला मान्यच आहे. परंतु आपल्याकडे या पर्यायाचे गोडवे गाणारे विद्वान मांस खाणारा म्हणजे उधळ्या, असे गृहीत धरतात. महाराष्ट्रात २०१५ साली बैल कापणेही गुन्हा ठरले, ते काही पृथ्वीच्या काळजीने नव्हे. त्याच वर्षीचे शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या विद्वानांनी वाचावे. मराठवाड्यातील महार-मांगांच्या चुलीवर रक्त-आतडीही वाया जात नसत. उरलेल्या मांसाच्या चान्या उन्हात वाळत. गुरुजी घरी यायचे असले की माझी आई वलणीवरच्या चान्या घाईघाईने काढून ठेवी.